भाड्याचं घर आणि हक्काची मदत

मुंबई-पुण्यात भाड्यानं राहताय? मग करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा; नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर वादात अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. सबळ कारणाशिवाय पाणी-वीज तोडणंही बेकायदा. वकील परवडत नाही? जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आणि भाड्याऐवजी स्वतःचं घर हवं असेल, तर म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, घरांची सोडत आहेच. म्हाडानं दलाल नेमलेले नाहीत, तेव्हा कुणाच्याही हातात पैसे देऊ नका.