विकणारा शेजारी



आफ्रिकेत कुठे दंगल उसळली की बातमीत ‘टोळ्यांचे पूर्वापार वैर’ असे छापून येते. ते शब्द मला सलतात. यातले कितीतरी वैर गुलामांच्या व्यापाराने पेरले, असे मी मानतो.

१५०० नंतरच्या साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसे अटलांटिकच्या जहाजांत कोंबली गेली. गोरे व्यापारी बहुधा किनाऱ्यावरच थांबत. माणसे धरून आणत ते आफ्रिकी राजे आणि दलाल. आजच्या बेनिनमधल्या दाहोमीच्या राजाने १७२७ मध्ये विदाह बंदर घेतले. कैदी देऊन बंदुका घ्यायच्या आणि त्याच बंदुकांनी नवे कैदी धरायचे! अशा धाडींना भिऊन तोफिनू लोकांनी नोकुए सरोवरात खांब रोवून गांव्हिये गाव वसवले. ते आजही पाण्यावरच आहे.

त्याहून जिव्हारी लागते ती कोएले या जर्मन मिशनऱ्याची नोंद. आफ्रिकी भाषांचे शब्द गोळा करताना त्याने सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमध्ये गुलामीतून मुक्त झालेल्यांना विचारले, ‘तुम्ही गुलाम कसे झालात?’ जवळजवळ पाचव्या हिश्शाच्या लोकांना नातेवाइकांनी किंवा मित्रांनी फसवून विकले होते. काहींवर गावातच आरोप ठेवून विक्रीची शिक्षा झाली होती. माणसाने मग भरवसा ठेवावा तरी कुणावर?

नेथन नन आणि मूळचे बेनिनचे लिओनार्ड वांचेकॉन या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये या अविश्वासाचा माग काढला. ज्या जमातींतून जास्त माणसे नेली गेली, त्यांचे वंशज आजही आप्तांवर, शेजाऱ्यांवर, स्वजमातीवर कमी विश्वास ठेवतात. त्यांनी हिंदी महासागरातला व्यापारही मोजला. आपला मलिक अंबर त्याच व्यापारात हबशाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, आणला गेला. त्याचा पराक्रम आपण वाचतो. मागे राहिलेल्या मुलखाचे काय झाले, हे कधी विचारत नाही.

‘आफ्रिकींनीच आफ्रिकींना विकले’ म्हणून काहीजण हात झटकतात. विकणाऱ्यांचा दोष मोठाच होता, आणि बेनिनचे अध्यक्ष केरेकू यांनी १९९९ मध्ये त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. पण गिऱ्हाईक नसते तर हा बाजार एवढा फोफावला असता का? एकट्या ब्रिटिश जहाजांनी तीस लाखांहून अधिक माणसे नेली. इथल्या मराठी पालकांनो, तुमची मुले याच ब्रिटनमध्ये शिकतात. गुलामांच्या व्यापारावरील १८०७ च्या बंदीचा गौरव त्यांना शिकवला जातो; त्याआधीचा व्यापार आणि त्याने मागे ठेवलेली फूटही शिकवा, असा आग्रह पालक म्हणून शाळेत धरा.