कुत्र्याचे भांडे आणि धन्याचा हात

एरवी लाडात येणारा कुत्रा जेवणाच्या भांड्यापाशी कोणी येताच अंग ताठ करतो, भराभर गिळू लागतो आणि गुरगुरतो, हे दृश्य श्रोत्यांपैकी अनेकांनी पाहिले असेल. घरच्यांना ही कृतघ्नता वाटते. मग ‘धनी कोण’ हे दाखवण्यासाठी भांडे हिसकावून घेण्याचा जुना सल्ला कोणीतरी देतो. वस्तुतः तोंडचा घास जाईल, हीच त्या प्राण्याची भीती असते आणि धनी ती स्वहस्ते खरी करून दाखवतो!

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा दूर ठेवायचा, आणि तो निश्चिंत आहे असे पाहून हळूहळू जवळ आणायचा, असा प्रयोग त्यांनी केला. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला.

कुत्र्याच्या बाबतीत सशाची जागा माणूस घेतो. भांड्यात नेहमीचा भात-पोळी असावी. ज्या अंतरावर कुत्रा शांतपणे खात राहतो तेथेच थांबून त्याहून रुचकर काही, उदाहरणार्थ उकडलेल्या कोंबडीचा हाडे काढलेला तुकडा, त्याच्याकडे टाकावा आणि परत फिरावे. पावलांची चाहूल लागताच तो आशेने मान वर करू लागला, की एक पाऊल पुढे जावे. अंग ताठले तर मागे यावे. याला कित्येक आठवडे लागतात, आणि घाई नडते ती येथेच.

गुरगुरण्याबद्दल मात्र शिक्षा करू नये. ती पूर्वसूचना आहे. मार खाऊन मुका झालेला कुत्रा सूचना न देता चावतो. ही खोड अकस्मात उद्भवली असेल, तर दुखणे नाही ना, हे पशुवैद्याकडून पाहून घ्यावे. चावा बसलाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. घरचा कुत्रा म्हणून रेबीजच्या लसीबाबत हयगय नको.

चावण्यापर्यंत मजल गेलेल्या कुत्र्यावर हे प्रयोग जाणकाराच्या देखरेखीखालीच करावेत, आणि मुलांना तर यात मुळीच गुंतवू नये. काही कुत्र्यांची भीती पुरती जात नाही. अशांना वेगळ्या खोलीत, दार लावून जेवू घालावे. त्यात धन्याची मानहानी ती कसली?