एका प्रतीवर विसंबू नये

पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा अनेक पाठांनी वेद शुद्ध राहिले. ते एकाच कंठावर कधी विसंबले नाहीत. आज मात्र घरची छायाचित्रे, दस्तऐवज, हिशेब एकाच संगणकात असतात. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतील संगणकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; ती अनेकांनी बसवलीच नव्हती! म्हणून संगणक अद्ययावत ठेवावा. तीन प्रती असाव्यात; दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांतील एक घराबाहेर. प्रत घेताच बाह्य डिस्क संगणकापासून विलग करावी. ओटीपी कोणालाही सांगू नये. आर्थिक फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. कुटुंबाचा ठेवा जपणे, हेही दक्ष नागरिकाचे कर्तव्यच होय.