दगडांतील लोखंड आणि भट्टींतील लोखंड

वाशीम जिल्ह्यांतील एखाद्या ओढ्याच्या कोरड्या पात्रांत लोहचुंबक फिरविलें, तर त्यास काळे बारीक कण येऊन चिकटतात. हे कण लोखंडयुक्त खनिजाचेच असतात. तेव्हां आपल्या शिवारांत लोखंडाची खाण दडलेली असली पाहिजे, असें कोणा शेतकऱ्यास वाटलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु हा तर्क खरा नाहीं. आणि तो खरा कां नाहीं हें नीट समजलें, म्हणजे लोखंडाच्या सर्व धंद्याचें एक मुख्य सूत्र हातीं येतें. दगडांत लोखंड किती आहे एवढेंच विचारून भागत नाहीं. तें कोणत्या खनिजाच्या रूपानें आहे आणि कोणत्या सोबत्यांशीं कसें जखडलेलें आहे, हें विचारावें लागतें. तें काढण्याची रीत याच उत्तरावरून ठरते.

प्रथम आपल्या घरचा दगड पाहूं. वाशीम जिल्हा जवळजवळ संपूर्णपणें दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून आलेला लाव्हा थरांवर थर पसरून थिजला, त्यापासून हा पाषाण झाला. त्याच्या वजनांत शेंकडा नऊ-दहा भाग लोखंड असतें. मग हा डोंगर फोडून भट्टींत कां घालूं नये? कारण त्या लोखंडाचा मोठा भाग सिलिकेच्या खनिजांत गुंतलेला आहे. तो लोहचुंबकानें निघत नाहीं आणि पाण्यानें धुऊनही वेगळा होत नाहीं. फक्त थोडासा भाग मॅग्नेटाइट नांवाच्या काळ्या खनिजाच्या सूक्ष्म कणांत असतो, आणि ओढ्यांत आपणांस सांपडतो तो हाच. त्यांतही टायटॅनियम मिसळलेलें असतें. त्याचें प्रमाण वाढलें कीं झोतभट्टींतील धातुमळी घट्ट व चिकट होते आणि ती नीट वाहून जात नाहीं. मूठभर कणांसाठीं गाडाभर दगड दळावा, आणि हातीं आलेला माल भट्टीनें नाकारावा, असा हा व्यवहार आहे. म्हणून आपला पाषाण खडीला उत्तम, त्याची माती कपाशीला उत्तम. परंतु त्यास लोहखनिज म्हणतां येत नाहीं.

आतां ज्यांना खरोखर लोहखनिज म्हणतात त्यांच्या जाती पाहूं. मुख्य जाती तीन. मॅग्नेटाइट काळें असतें, लोहचुंबकाकडे जोरानें ओढलें जातें आणि शुद्ध असल्यास त्यांत शेंकडा ७२ भाग लोखंड असतें. हेमॅटाइटांत तें शेंकडा ७० च्या जवळ असतें. पण त्यावर साध्या लोहचुंबकाचा प्रभाव जवळजवळ पडत नाहीं. तिसरें गोएथाइट; याच्या घडणींतच पाणी असल्यामुळें लोखंड शेंकडा ६३ च्या आसपास भरतें आणि तें पाणी उडवून लावण्यास उष्णता खर्च होते. ओळखण्याची एक सोपी युक्ति आहे. झिलई नसलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यावर दगड घासावा. मॅग्नेटाइटाची रेघ काळी, हेमॅटाइटाची तांबडी, आणि गोएथाइटाची पिवळसर तपकिरी उमटते. दगड बाहेरून कसाही दिसो, रेघ सहसा फसवीत नाहीं.

या भेदाचें व्यवहारांत काय होतें तें चार ठिकाणांवरून पाहूं.

पहिलें ठिकाण कर्नाटकांतील कुद्रेमुख. तेथील दगडांत लोखंड शेंकडा ३८ च्या सुमारास, म्हणजे पुष्कळच कमी होतें. तरी १९७६ सालीं तेथें सरकारी कंपनी निघाली. याचें कारण त्या दगडांत मॅग्नेटाइट होतें. दगड बारीक दळला, पाण्यांत कालविला आणि लोहचुंबकाच्या फिरत्या पिंपांवरून नेला, कीं लोखंडाचे कण चिकटून राहतात व गारगोटीचे कण वाहून जातात. दरिद्री दगडापासून श्रीमंत माल निर्माण होतो. मात्र दगडाचा मोठा भाग गाळ होऊन मागें राहतो. सभोंवतीं घनदाट अरण्य आणि भद्रेचें खोरें असल्यामुळें हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि २००५ च्या अखेरीस तेथील खाणकाम थांबलें.

दुसरें ठिकाण आपल्या विदर्भांतील, चंद्रपूर जिल्ह्यांतील लोहारा. तेथील हेमॅटाइट कठीण व समृद्ध आहे. असें खनिज दळावें लागत नाहीं; फोडून, चाळून भट्टींत टाकावें. १८८२ सालीं रिटर फॉन श्वार्ट्स या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो वाचून जमशेटजी टाटांचें लक्ष लोहाऱ्याकडे गेलें. परंतु जवळच्या वरोऱ्याच्या कोळशाचा झोतभट्टीस लागणारा टणक कोक होईना आणि तो बेत राहिला. पुढें साक्चीस कारखाना उभा राहून १९११ सालीं तेथें लोखंड निघूं लागलें. खनिज उत्तम असूनही सोबती न मिळाल्यास काय होतें, त्याचें हें उदाहरण. आतां कोक न होणाऱ्या कोळशानेंही स्पंज लोखंड करतां येतें. आपली पैनगंगा ज्या भागांत वर्धेला मिळते, त्या घुग्गुस परिसरांत असा कारखाना आहे. मात्र या रीतींत खनिज वितळत नाहीं. त्यामुळें त्यांतील माती-गारगोटी मळी होऊन निघून न जातां मालांतच राहते. म्हणून या भट्टीला खनिज फार स्वच्छ लागतें.

तिसरें ठिकाण गोवें. तेथें हेमॅटाइट व गोएथाइट बरेंचसें भुसभुशीत, भुकटीच्या स्वरूपांत मिळतें आणि त्याचा सोबती गारगोटीइतकाच चिकणमाती हा असतो. चिकणमातींतील ॲल्युमिना भट्टींतील मळी जाड करतें; म्हणून तें आधीं काढावें लागतें. येथें लोहचुंबकाऐवजीं पाणी उपयोगी पडतें. खनिजाचे जड कण तळाशीं बसतात व हलकी चिकणमाती वर तरंगून वाहते. परंतु त्या मातीबरोबर खनिजाची अतिसूक्ष्म भुकटीही जाते, आणि तांबड्या चिखलाचीं तळीं साठतात. पावसाळ्यांत खाणींचा तांबडा गाळ ओढ्यांत आणि भातशेतींत उतरल्याच्या तक्रारी गोव्यांत वर्षानुवर्षें झाल्या. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेथील खाणकाम थांबविलें, आणि २०१८ सालीं ८८ पट्ट्यांचें नूतनीकरण रद्द केलें.

चौथें ठिकाण गडचिरोली जिल्ह्यांतील सुरजागड. येथें समृद्ध हेमॅटाइटाच्या जोडीस असा दगड आहे कीं ज्यांत हेमॅटाइट व गारगोटी यांचे पातळ पट्टे एकाआड एक रचलेले असतात. हे पट्टे सुटे करावयाचे म्हणजे दगड पिठासारखा दळावा लागतो. साधा लोहचुंबक येथें चालत नाहीं, फार प्रबळ चुंबक किंवा फेसावर कण तरंगविण्याची पद्धति योजावी लागते. शिवाय पीठ भट्टींत घातलें तर हवेचा झोत कोंडतो. म्हणून त्याच्या गोळ्या वळून भाजाव्या लागतात. अशा गोळ्या करण्याचा मोठा कारखाना जुलै २०२५ मध्यें कोनसरी येथें सुरू झाला. हेडरी येथें दळलेलें खनिज पाण्यांत कालवून सुमारें ८५ किलोमीटर लांबीच्या नळांतून तेथें आणण्याची व्यवस्था आहे.

श्रोतेहो, समृद्ध दगड सगळीकडे आधीं संपतो आणि पट्ट्यापट्ट्यांचा दरिद्री दगड मागें उरतो. तो दळण्यास वीज लागते, धुण्यास पाणी लागतें, आणि उरलेला गाळ ठेवण्यास कोणाची तरी जमीन लागते. म्हणून आपल्या विदर्भांत खाणीची गोष्ट निघेल तेव्हां खनिजांत लोखंड शेंकडा किती, एवढें ऐकून गांवकऱ्यांनीं समाधान मानूं नये. खनिज कोणत्या जातीचें? किती बारीक दळावें लागेल? पाणी कोठून येणार, आणि गाळ कोठें राहणार? हे चार प्रश्न ज्यास विचारतां येतात, त्यास त्या दगडाचा खरा भाव कळला असें समजावें. आणि वाशीमच्या ओढ्यांतील काळी वाळू ज्याच्या हातास लागेल, त्यानें ती कौतुकानें पाहावी. तिच्या नादानें जमीन मात्र खणूं नये.