पुढाऱ्यांवर टीका आणि अब्रूनुकसानीचा कायदा



मुलगा म्हणतो, "मी त्या पुढाऱ्याविरुद्ध लिहिणार." बाप म्हणतो, "गप्प बस, खटला होईल." बापाची भीती अगदीच खोटी नाही. बदनामीच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 499 व 500 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 ने घेतली, तरी ही तरतूद राहिली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली होती.

परंतु बाप कलमाचा पुढचा भाग वाचत नाही. सार्वजनिक कामातील लोकसेवकाच्या वागणुकीवर, आणि त्या वागणुकीतून दिसेल तेवढ्याच त्याच्या चारित्र्यावर, सद्भावनेने मत देणे हा गुन्हा नाही. सार्वजनिक प्रश्नात पडणाऱ्या कोणाही व्यक्तीला हाच नियम आहे. लोकांचा पाठिंबा मागणारी संस्था काढणाऱ्यालासुद्धा! (आमच्या पदाधिकाऱ्यांनी रागावू नये.)

आता फरक पाहा. "रस्त्याचे पैसे वर्षभर पडून राहिले, नगरसेवकांना काम जमत नाही," हे मत झाले. मात्र पैसे खरोखर पडून असले पाहिजेत. "नगरसेवकांनी पैसे खाल्ले," हा आरोप झाला. तो खरा आहे आणि जनहितासाठी केला, असे दोन्ही दाखवावे लागते. सद्भावना म्हणजे नुसते मन साफ असणे नव्हे. कायद्याच्या भाषेत ती म्हणजे योग्य ती काळजी घेणे. ऐकीव गोष्ट पुढे ढकलणाऱ्याला ती सांगता येत नाही.

नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात तर टीकाकाराला आणखी मोकळीक आहे. तामिळनाडूतील 'नक्कीरन' साप्ताहिक फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकर या कैद्याचे आत्मचरित्र छापणार होते. त्यात बड्या अधिकाऱ्यांशी त्याच्या असलेल्या संबंधांचा उल्लेख होता. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बदनामी होईल या धास्तीने सरकारला छपाई आधीच थांबवता येत नाही. पदाच्या कामावरील मजकूर चुकीचा निघाला, तरी खऱ्याखोट्याची पर्वा न करता तो छापल्याचे सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. लेखकाने वाजवी पडताळणी केली होती, एवढे त्याला पुरते. खुद्द सरकारला किंवा नगरपालिकेला तर असा दावाच लावता येत नाही.

तेव्हा पालकहो, मुलाला गप्प बसवू नका. त्याला विचारा, "ठरावाची नक्कल आणलीस का?" माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने ती मागता येते. अर्जाचा नमुना आमच्या शिक्षकांकडे मिळेल.