टांकसाळ्याचा उजवा हात



१८३३ साली इंग्लंडच्या हँपशायर परगण्यात, ब्यूवर्थ या खेड्याजवळ, चांदीची सहा हजारांवर नाणी सापडली. बहुतेक पहिल्या विल्यम राजाची. जवळच्या विंचेस्टर नगरीत पाडलेली त्यांत पुष्कळ. असे एक नाणे हाती घ्यावे. एका बाजूस राजाचा मुखवटा. उलटले की अक्षरे लागतात, ‘लीफिंक, विंचेस्टर’. हा लीफिंक म्हणजे नाणे पाडणारा टांकसाळ्या. राजाच्या पाठीला पाठ लावून त्याचे नाव का बसावे, एवढाच प्रश्न आम्ही आज घेतला आहे.

हा मनुष्य स्वतः घण मारीत असेलच असे नाही. असे टांकसाळे पुष्कळदा गावातले सधन गृहस्थ असत. (आपल्याकडे हे आडनावच आहे.) खालचा ठसा लाकडाच्या ठोकळ्यात रोवायचा, वर चांदीची चकती, तिच्यावर दुसरा ठसा, आणि घणाचा घाव. एका पौंड चांदीची २४० नाणी. एकेक तोळ्याच्या सुमारे आठव्या हिश्श्याचे. दर काही वर्षांनी राजा ठसा बदली. नवा ठसा घ्यायचा तर टांकसाळ्याने पैसे मोजायचे. राजाला ही बरी मिळकत होती!

नाव कोरण्यात मान होता, परंतु त्याहून अधिक जामिनकी होती. दहाव्या शतकात अ‍ॅथल्स्टन राजाने विंचेस्टरला सहा टांकसाळे नेमून दिले आणि त्याच कायद्यात सांगितले की, खोटे नाणे पाडणाऱ्याचा हात तोडावा व तो टांकसाळीवरच टांगावा. नाणे उलटले की गुन्हेगार सापडलाच.

११२४ च्या नाताळात हे शब्दशः घडले. पौंडभर नाणी घेऊन बाजारात गेले तरी त्यांतली बारासुद्धा कोणी घेईना, असा त्या काळच्या बखरकाराचा आक्रोश आहे. पहिला हेन्री तेव्हा नॉर्मंडीत होता. त्याच्या हुकुमावरून सॉल्झबरीच्या रॉजर बिशपाने देशभरचे टांकसाळे विंचेस्टरला बोलावले. एकेकाचा उजवा हात तोडला, आणि सभेत उच्चारता येऊ नये अशी दुसरीही शिक्षा दिली. बखरकार म्हणतो, न्यायच झाला. आम्हांस तितकी खात्री वाटत नाही. खोटी नाणी असतीलही. पण त्याच बखरीत आदल्या वर्षीची नापिकी आणि बियाण्याच्या धान्याचे कडाडलेले भाव नोंदले आहेत. पावसाचे नाव नाण्यावर नसते, टांकसाळ्याचे होते.

पुढे कडा कातरून चांदी चोरणाऱ्यांवर उपाय म्हणून १२४७ पासून नाण्यावरचा क्रूस थेट काठापर्यंत नेला. त्या नव्या नाण्यासाठी विंचेस्टरची टांकसाळ थोडा काळ चालली आणि १२५० च्या सुमारास बंद पडली. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने नाण्यांवर फक्त गावाचे नाव ठेवले, माणसाचे काढले. बेरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या टांकसाळीत तेवढे हॅडलीच्या रॉबर्टचे नाव आणखी काही काळ नाण्यावर राहिले.