वेचणीचा काटा

वेचणीचे दिवस आहेत. कमरेला ओटी बांधून तुमच्यातल्या कितीतरी जणी दिवसभर रानात असतील, आणि आता चुलीपुढं बसून हे ऐकत असतील. म्हणून आज कापसाचीच गोष्ट सांगते. ती सुरू होते अमेरिकेत, पावणेदोनशे वर्षांमागं.

तिथं दक्षिणेकडच्या राज्यांत कापूस वेचायला काळी माणसं होती. आफ्रिकेतून धरून आणलेल्यांची लेकरं-नातवंडं. मजूर नव्हे, गुलाम. बैलजोडी विकावी तशी विकली जायची. आई एका गावाला, लेकरू दुसऱ्या. 1860 साली असे गुलाम जवळजवळ 40 लाख होते. सॉलोमन नॉर्थप नावाचा माणूस बारा वर्षं गुलामीत राहिला आणि सुटल्यावर 1853 साली त्यानं पुस्तक लिहिलं. तो सांगतो, दिवसाला माणशी 200 पौंड वेचायचा नेम. म्हणजे आपले 90 किलो! तुम्हीच हिशेब करा, तुमचा दिवसाकाठी किती होतो. संध्याकाळी काटा. कमी भरला तर चाबूक. जास्त भरला, तर उद्यापासून तेवढाच भरायचा. पॅट्सी नावाची बाई सगळ्यांत जास्त वेचायची, तरी तिच्या पाठीवर वळ होतेच.

ती जमीनसुद्धा हिसकावलेली. चेरोकी, चोक्टॉ अशा मूळच्या लोकांना 1830 च्या कायद्यानंतर मिसिसिपी नदीपलीकडं हाकललं आणि त्यांच्या रानात कापूस लावला. देश पश्चिमेकडं वाढत चालला, तसा नव्या राज्यांत गुलामी ठेवायची की नाही यावर उत्तर आणि दक्षिण भांडायला लागले. लिंकन निवडून आल्यावर दक्षिणेतली 11 राज्यं फुटली. 1861 ते 1865, चार वर्षं लढाई झाली. सहा लाखांवर माणसं मेली.

आता ही लढाई आपल्याकडं कशी आली ते ऐका. उत्तरेच्या जहाजांनी दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून इंग्रज व्यापारी मुंबईकडं वळले. भाव कित्येक पटींनी चढला. संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, निजामाकडं होतं. पण शेजारचं वऱ्हाड 1853 पासूनच इंग्रजांच्या ताब्यात गेलेलं. तिकडं, खानदेशात, जिकडं तिकडं पऱ्हाटी. सावकारही हात सैल सोडून कर्ज द्यायला लागले.

1865 ला लढाई संपली. भाव कोसळला. मुंबईच्या बड्या पेढ्या बुडाल्या, आणि गावात कर्ज तसंच राहिलं. वर इंग्रजांनी सारा वाढवला. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे काढून जाळले. ते लोण नगर जिल्ह्यातही गेलं. त्याला एकटा कापूस कारण नव्हता, सारा होता, मंदी होती. पण माणसं घरदार लुटण्यापेक्षा कागद शोधत होती, हे मला फार मोठं वाटतं.

हे सगळं डोळ्यांसमोर घडत असताना पुण्यात जोतिराव फुले होते. 1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांची गुलामी मोडली. आपल्या शूद्रातिशूद्रांना सोडवायला इथल्या लोकांनीही तोच कित्ता गिरवावा, अशी आशा त्यात त्यांनी लिहिली. अमेरिका त्यांनी कधी पाहिली नव्हती.

तिकडं गुलाम सुटले खरे, पण जमीन त्यांना मिळाली नाही. मग जुन्याच मालकांची रानं बटईनं करायची, बी-बियाणं, मीठपीठ उधारीवर आणायचं आणि पीक निघाल्यावर हिशेब. वही मालकाची. दरसाल निघायचं ते देणंच.

एक मात्र झालं. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं गुन्हा होता. सुटका होताच शाळा निघाल्या, तर तिथं नातवंडांच्या शेजारी आज्या येऊन बसल्या. इकडं जोतिराव-सावित्रीबाईंनी 1855 सालीच शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढलेली होती. दिवसभर रानात राबून आलेली माणसं कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवायची.

उद्या संध्याकाळी काट्यापाशी उभ्या राहाल, तेव्हा आकडा स्वतः वाचा, आणि घरी येऊन आपल्या वहीत लिहून ठेवा. येते मी, नमस्कार.